पणजोबांचं माळवद गळतंय. पाडून स्लॅब टाकावा का?

बालाघाटचा_पोरगा
८ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण पाल्हाळ लावल्याशिवाय कळणार नाही. सांभाळून घ्या.

गाव तुळजापूर तालुक्यात. मी चिंचवडला नोकरीला, गावी आई आणि आण्णा. आण्णांचं वय ७४. घर पणजोबांनी बांधलेलं, दगड-मातीचं, वर माळवद. कोकण-मुंबईकडच्यांनी माळवद पाहिलं नसेल तर सांगतो: आमच्याकडचं सपाट मातीचं छत. तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर तुराट्या आणि कडुनिंबाचा पाला, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमच्या घराचा खण पाच फुटांचा आहे. घर केवढं आहे हे गावात चौरस फुटांत कुणी विचारत नाही, 'किती खणांचं' असंच विचारतात.

भिंती अडीच फूट जाड. त्यात देवळ्या, कोनाडे आणि एका भिंतीत बळद. बळदात अजून ज्वारी असते. मधल्या घराला खिडकी नाही, वर हातभर रुंदीचं साणं आहे. लहानपणी त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा आणि तो सरकत सरकत उंबऱ्याला टेकला की आज्जी चहाचं आधण ठेवायची. आभाळ आलं की पोरांपैकी कुणीतरी पळत वर जाऊन साण्यावर पत्रा टाकायचा आणि त्यावर दगड.

यंदा रोहिण्यांत जोराचा वळीव झाला आणि मधल्या घरात तीन जागी गळालं. एका कडीचं टोक बोटानं दाबलं तर भुसा पडला. ओळखीच्या एका इंजिनिअरला बोलावलं. त्यानं पायातले बूटही न काढता दारातूनच वर बघितलं आणि म्हणाला, "हे संपलंय. पाडा, मस्त टू बीएचके बसतं."

आई तयार आहे. आण्णा म्हणतात, "टाक स्लॅब. पर मी त्येच्याखाली झोपणार न्हाई." त्यांचंही खरं आहे. शेजारी चुलत्यांनी २००९ साली स्लॅबचं घर बांधलं. मे महिन्यात ते सगळे दुपारी आमच्या मधल्या घरात आणि रात्री स्वतःच्या गच्चीवर असतात. स्वतःच्या घरात फक्त त्यांचा फ्रिज राहतो.

डागडुजी केलीच नाही असंही नाही. २०११ साली एका गवंड्यानं निम्म्या माळवदावर सिमेंटचा कोबा घालून दिला आणि बाहेरून भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. "आता पन्नास वर्षं वर बघू नका" म्हणाला होता. त्याआधी आजोबा दरसाल मृगाच्या तोंडावर पांढरीची माती टाकून घ्यायचे, ते तेव्हापासून बंद झालं.

खरी भीती वेगळीच आहे. १९९३ च्या भूकंपाच्या वेळी मी चार वर्षांचा होतो. मला आठवतं ते अंगणातलं पत्र्याचं शेड. दोन वर्षं आम्ही त्यात झोपलो. घराच्या एका कोपऱ्याला तेव्हा तडा गेला, बाकी काही झालं नाही. पण अशाच घरांनी तिकडे किल्लारी-सास्तूरला माणसं गाडली ना? मग 'पूर्वजांचं शहाणपण' म्हणून मी काय सांभाळत बसलोय?

ठेवावं की पाडावं, कुणी अनुभवी माणूस सांगेल का?

चौथं_सेमिस्टर
८ जून, रात्री ११.१५

दादा प्लीज पाडू नका!! मी आर्किटेक्चरला आहे. आम्हाला शाश्वत वास्तुरचना शिकवताना अशीच घरं दाखवतात. जाड भिंत दिवसभर उष्णता धरून ठेवते, ती आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि साण्यातून गरम हवा वर निघून जाते. शून्य वीज! हा जिवंत वारसा आहे. फोटो टाकाल का?

निवांत_नांदेडकर
९ जून, सकाळी ७.०५

वारसा गळायला लागला की बादली ठेवावी लागते ताई. स्लॅब टाका, वर पत्र्याचं शेड मारा, विषय संपला. नांदेडात सगळे हेच करतात.

बाकी न्हाणी कुठल्या कोपऱ्यात आहे ते वास्तुशास्त्राप्रमाणे एकदा बघून घ्या, म्हणजे गळतीचं मूळ सापडेल. (हलकेच घ्या.)

ओळंबा
९ जून, सकाळी ९.३०

फोटो नंतर. आधी तीन गोष्टी मोजून कळवा.

साण्याच्या कडेला मातीचा थर किती इंच आहे? टेपनं मोजा, अंदाज नको. दुसरं, खांब भिंतीला लागून उभे आहेत की तुळयांची टोकं नुसती भिंतीवर टेकली आहेत? आणि तिसरं, गळती कोब्याच्या बाजूला आहे की मातीच्या?

बालाघाटचा_पोरगा
९ जून, संध्याकाळी ७.५०

आण्णांना फोनवर सांगून मोजून घेतलं. त्यांनी साण्याची कड विळ्यानं खरवडली. बावीस इंच भरलं! म्हणाले, कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक पांढरा, एक राखाडी, पुन्हा पांढरा. "वरची चार बोटं माझ्या काळातली, बाकी म्हाताऱ्यांची." वरून सगळं माळवद तीस फूट बाय वीस फूट.

खांब तीन बाजूंनी भिंतीला लागून आहेत. रस्त्याकडच्या भिंतीला नाहीत, तिथं तुळया थेट भिंतीवर आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर ती भिंत नव्यानं बांधली, तेव्हा लाकूड घ्यायला पैसा नव्हता.

आणि गळती... तिन्ही जागा कोब्याखाली. हे लिहिताना आत्ता माझी ट्यूब पेटली.

ओळंबा
१० जून, रात्री ९.१०

पेटली ना? आता सविस्तर लिहितो. मी निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. ९३ साली नोकरीत नवा होतो आणि ऑक्टोबरमध्ये लोहारा-उमरगा भागात पडलेल्या घरांच्या पाहणीला होतो.

आधी तुमच्या बावीस इंचांबद्दल. घनफूटभर दाबलेल्या मातीचं वजन साधारण ४५ किलो धरा. सहाशे चौरस फूट आणि बावीस इंच म्हणजे अकराशे घनफूट. पन्नास टनांना थोडंसंच कमी. पन्नास टन तुमच्या डोक्यावर आहे. पाच इंची आरसीसी स्लॅब त्याच मापाचा टाकला तर साडेसतरा टनांच्या आसपास जातो. आता हे बघा: तुमच्या पणजोबांनी बावीस इंच टाकलेली नाही. त्यांनी सात-आठ इंच टाकली असेल. आठ इंचांचे होतात अठरा टन, म्हणजे स्लॅबएवढेच. पुढं दर मृगाला घमेली वर चढत गेली, खाली कुणी उतरवली नाहीत. पाऊस जेवढी धुऊन नेतो तेवढीच वर टाकायची असा त्याचा हिशोब होता. तो पुढं कुणी सांभाळला नाही.

आता ती माती. गावात जमिनीच्या दोनच जाती: काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीवर राहायचं. काळी माती भिजली की फुगते, वाळली की हात जाईल एवढी भेगाळते, म्हणून तिला छतावर कधी चढवलं नाही. पांढरी तशी फुगत नाही. काही गावांत वरच्या पदराला खारी, चोपण माती वापरतात. ती शेतकऱ्याला नकोशी, कारण भिजली की तिचा पदर मिटतो आणि पाणी खाली जिरत नाही. शेतात जो दोष तोच छतावर गुण. हे प्रयोगशाळेत कुणी शोधलं नव्हतं. शेतात पाणी कुठं तुंबतं हे बघणाऱ्यालाच कळलेलं होतं. मला विचाराल तर आपल्याकडचं बांधकामाचं ज्ञान ते हेच. नांदेडकर हलकेच म्हणाले, पण कोपरे-दिशा बघून पैसे घेणारे बरेच भेटतात, माती बोटांनी चोळून बघणारा एक भेटत नाही.

कोब्यानं काय केलं? खालची लाकडं आणि माती उन्हापावसात थोडी हलणारच, सिमेंट हलत नाही, त्याला केसाएवढ्या चिरा पडतात. चिरेतून पाणी आत जातं आणि वरून झाकण असल्यामुळं वाळत नाही. नुसती माती चार दिवसांच्या उघडिपीत वाळते. कोब्याखालची वर्षभर दमट राहते आणि कड्या कुजवते. भिंतीच्या सिमेंट गिलाव्याचंही तेच: जमिनीतली ओल वर चढते, बाहेर पडायला वाट नसते, मग भिंतीतला चिखल मऊ होतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आदिलशाहीतला, चारशे वर्षांचा. नर-मादी या दोन धबधब्यांचं पाणी त्याच्यावरून कोसळतं तेव्हा आपण आत कोरडे उभे राहतो. ते चुन्याचं काम. तुमच्या घराला एवढा थाट नको, पण बाहेरून चुनाच हवा. सिमेंट नको.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले. सरकारी आकडाच आठ हजारांच्या घरात आहे. मी जे पाहिलं ते सांगतो. या भिंती जाड दिसतात, पण त्या एक नसतात, दोन असतात. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये गोटे आणि चिखल भरलेला. दोघांना बांधणारा आरपारचा दगड नसेल तर हादऱ्यानं दोन्ही पदर सुटतात, पुस्तकाची पानं उघडावीत तसे. बाहेरचा रस्त्यावर, आतला माणसांवर. जिथं तुळया थेट भिंतीवर होत्या तिथं भिंतीमागोमाग छतही आलं. जिथं खांब होते तिथं कितीतरी ठिकाणी चारी भिंती ढासळून नुसता लाकडी सांगाडा माळवद डोक्यावर घेऊन उभा होता. सगळीकडे नाही. पण एवढ्या ठिकाणी, की नंतर मजबुतीकरणाच्या सूचनांत खांब-तुळईचा सांगाडा आणखी घट्ट करायला सांगितला गेला.

म्हणजे शहाणपण होतं का? होतं, खणांत होतं. भिंतीत मात्र खोट होती, आणि लाकूड महागल्यावर आपण खांब गाळले आणि भिंत ठेवली. तुमची रस्त्याकडची भिंत नेमकी तीच आहे.

मी तुमच्या जागी असतो तर पावसाळाभर कोब्यावर ताडपत्री टाकली असती आणि दिवाळीनंतर काम काढलं असतं. कोबा फोडायचा. माती आठ इंचांवर आणायची, चारी बाजूंनी सारखी उतरवत. एकाच बाजूची आधी उतरवू नका, तुळया पिळवटतात. कुजलेल्या कड्या बदलायच्या. आठ इंचांच्या मध्ये जाड प्लास्टिकचा कागद घालायचा, त्यात आजोबांचा अपमान नाही. पन्हळांकडे उतार नीट द्यायचा. प्रत्येक खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके लाकडी टेके मारायचे, नी-ब्रेस म्हणतात त्यांना. रस्त्याकडच्या भिंतीला आतून नवे खांब द्यायचे. भिंतींत ठरावीक अंतरानं एकेक दगड काढून तिथं सळई घालून काँक्रीटचा आरपार दगड ओतायचा. दारांच्या वरच्या पातळीला जाळीचा पट्टा सगळ्या घराभोवती, कंबरपट्ट्यासारखा.

हे सगळं घर न बघता लिहितोय. कामाआधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. बूट काढणारा बघा.

लेक_लोहाऱ्याची
११ जून, दुपारी २.२०

ओळंबा काका, तुम्ही आमच्याच भागात फिरला असणार.

आमचं घर नऊ खणांचं होतं. त्या पहाटे बाहेरच्या भिंती गेल्या, मधलं घर खांबांवर राहिलं. आम्ही चौघी मधल्या घरात होतो, म्हणून आज हे लिहितेय. आबा ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या ओसरीत, भिंतीला लागून झोपले होते. यापुढं त्याबद्दल लिहीत नाही.

पण दादा, एक काम आजच करा. कोबा, कड्या, चुना नंतर होईल. आण्णांची खाट भिंतीपासून ओढून दोन खांबांच्या मध्ये घ्या. आणि डोक्याच्या बाजूला कोनाड्यात जड पितळी भांडी असतील तर काढा.

आणि चौथं सेमिस्टर, रागावू नकोस, पण 'शून्य वीज' वाचून हसू आलं. वीज नव्हती, आम्ही होतो ना. मृगाच्या आधी पांढरीवरून माती आणायची ती डोक्यावर, आणि शिडीनं वर चढवायची ती बायकांनीच. पुरुष वर उभे राहून पसरायचे. घमेलं भरायला एक बाई, वाहायला तीन. त्यानंतर आतून भिंतींना पोतेरा, जमिनीला शेणाचं सारवण आठवड्यातून दोनदा, सणाला वेगळं. भिंतीतून विंचू निघायचे. माझ्या आईला दोनदा चावला. उंदरांनी बळद पोखरलं की ज्वारी चाळायला परत आम्हीच. घर गार होतं, हे खरं. माझ्या आताच्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात जीव नको होतो, तेव्हा त्या मधल्या घराची फार आठवण येते. पण माझ्या सुनेनं घमेलं उचलावं असं मला वाटत नाही.

म्हणून दादा, घर ठेवणार असाल तर आधी आईला विचारा. आई स्लॅबला का तयार आहे ते तुम्ही लिहिलंच नाही.

बालाघाटचा_पोरगा
११ जून, रात्री १०.०५

ताई, खाट हलवली. आण्णा कुरकुरले, "हितं पंख्याचं वारं लागत न्हाई," पण हलवली.

आईला विचारलं. खरंच आजवर विचारलं नव्हतं. म्हणाली, "घरानं माझं काय वाईट केलं? पर सारवून सारवून माझं गुडघं गेलं. फरशी करून दे आन् न्हाणी आत घे. मग वर काय बी असू दे."

चौथं_सेमिस्टर
११ जून, रात्री १०.३०

ताई, रागावले नाही. सबमिशनच्या शीटवर आम्ही घराच्या सेक्शनमध्ये उन्हाचे बाण काढतो, माती कोण चढवतं त्याचा बाण कधी काढला नाही. यावेळी काढणार आहे.

बालाघाटचा_पोरगा
१४ फेब्रुवारी, रात्री ९.००

जुना धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं, म्हणून.

दिवाळीनंतर काम काढलं. कोबा फोडला तर खालची माती तेव्हाही ओली होती, मुठीत दाबली की लाडू वळायचा. शेजारच्या उघड्या मातीच्या भागात कुदळ खणखणत होती. नऊ कड्या बदलाव्या लागल्या, नऊच्या नऊ कोब्याखालच्या. सागवान लातूरला पाडलेल्या एका वाड्याचं मिळालं.

माती आठ इंचांवर आणली. ट्रॅक्टरच्या नऊ ट्रॉल्या निघाल्या. शेवटच्या पापुद्र्यांत एक शंखाच्या बांगडीचा तुकडा सापडला, बोटाच्या पेराएवढा, वर बारीक नक्षी. पांढरी म्हणजे जुनी वस्तीच, तेव्हा तिच्या मातीत जुन्या बायकांच्या बांगड्या निघणारच. तेरला तर अशा टेकाडांतून सातवाहनांच्या काळातल्या वस्तू निघाल्यात. आमचा तुकडा किती जुना देव जाणे, आईनं देवळीत ठेवलाय आणि रोज त्याला हळद-कुंकू लागतं.

टेके मारले, रस्त्याकडच्या भिंतीला चार खांब दिले, आरपार दगड ओतले. चुन्याला सगळ्यात जास्त वेळ गेला. कळीचा चुना विझवून महिनाभर हौदात ठेवायला लागला आणि तो लावणारा गवंडी शोधायला त्याहून जास्त. शेवटी सोलापूरकडचे सत्तरीचे एक काका मिळाले. ते गुळाचं पाणी मागायचे तेव्हा आईला वाटायचं प्यायला मागतात. दोन दिवस तिनं त्यांना लिंबू पिळून दिलं. मधल्या घरात शहाबादी फरशी आली, न्हाणी आत आली. दरसाल माती चढवायला आता कप्पी लावलीय, एक माणूस खालून दोर ओढतो.

एक शंका राहिली. चुलते विचारतायत, उरलेल्या मातीतल्या दोन ट्रॉल्या त्यांच्या स्लॅबवर टाकल्या तर मे महिन्यात घर गार राहील का?

ओळंबा
१४ फेब्रुवारी, रात्री ९.२०

अजिबात नाही! तो स्लॅब त्या वजनाला धरलेला नाही, आणि ओल धरली तर आतली सळई गंजेल. थांबवा त्यांना. तुमच्या हौदात चुना उरला असेल तर गच्चीला त्याचे दोन हात द्यायला सांगा, एप्रिल लागायच्या आत.